पुरवण्यांची संख्या

आमच्या शाळेत हस्तकला नावाचा विषय होता. त्याची परीक्षा नसायची, म्हणून त्याला मान नव्हता. आणि विषयाला मान नव्हता म्हणून तो शिकवणाऱ्या सरांनाही नव्हता. गणिताचे सर वर्गात आले की आम्ही श्वास रोखायचो, हस्तकलेचे सर आले की सोडायचो. कुणाचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिली धाड हस्तकलेच्या तासावर. "तुमचा तास घेतो हो," असं व्हरांड्यातूनच ओरडून सांगायचे आणि उत्तराची वाटही बघायचे नाहीत. सर आपले पुठ्ठे, कात्री आणि डिंकाची बाटली उचलून निमूटपणे शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसायचे.

वर्षातले तीन आठवडे मात्र त्यांचे असायचे. परीक्षेचे. बाकीच्यांना पेपर तपासायचे असत, हे रिकामे. त्यामुळे पर्यवेक्षणाचं काम कायमचं यांच्या गळ्यात पडलं आणि ते त्यांनी हारासारखं मिरवलं. डाव्या हातावर पुरवण्यांचा गठ्ठा, उजव्या मनगटाला पांढऱ्या दोऱ्याची लडी, कपाळाला आठी. उत्तरपत्रिका भरली आणि लिहायचं अजून उरलंय, असं झालं की आम्ही हात वर करून म्हणायचो, "सर, पुरवणी." सर यायचे, पण तो चारपानी जादा कागद लगेच द्यायचे नाहीत. आधी मूळ उत्तरपत्रिका उचलायची, अंगठ्याने शेवटचं पान उघडायचं, शेवटच्या ओळीपर्यंत शाई पोहोचलीय का ते बघायचं, आणि मगच.

"आधी मूळ भर," ते म्हणायचे. "मूळ रिकामं ठेवून पुरवणी मागतोस? घरी ताटातलं तसंच ठेवून वाढून मागतोस का रे?"

आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक बहाद्दर होता. तो पहिल्या अर्ध्या तासातच उभा राहून पुरवणी मागायचा. हेतू एवढाच की पुढच्या बाकावरच्या हुशारांच्या पोटात गोळा यावा. सरांनी त्याची उत्तरपत्रिका उघडली तर आत त्याचं स्वतःचं नाव आणि एका बदकाचं चित्र. त्याला आम्ही 'मागचा बाक' म्हणायला लागलो. हे नाव लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे. तसले लोक पुढे येतातच.

शेवटची दहा मिनिटं उरली की सरांच्या आवाजाला धार चढायची. "पुरवण्या बांधा! गाठ सैल नको! मुखपृष्ठावर पुरवण्यांची संख्या लिहा, अंकी आणि अक्षरी! जी पुरवणी वर लिहिली नाही, ती जगात नाही!" एकदा एका मुलीने पुरवणी बांधली, पण संख्या लिहायची राहिली. घंटा झाल्यावर तिने पुन्हा पेन उचललं, तर सरांनी ते तिच्या बोटांतून काढून घेतलं. ती रडायला लागली. "नियम माझा नाही, बाळ," सर म्हणाले. नियम त्यांचाच होता. बाकीचे पर्यवेक्षक तेवढं लिहू देत.

अशा रीतीने त्यांचं नाव पडलं पुरवणी सर. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं असा माझा जुना संशय आहे. हस्तकलेवरून तर त्यांना कुणी नावसुद्धा ठेवलं नव्हतं.

मी मोठा झालो, टक्कल पडलं, आणि नशिबाने अशा इमारतीत राहायला आलो जिथे माझ्या बरोबर डोक्यावर पुरवणी सर आणि काकू राहत होते. सर निवृत्त झाले होते. निवृत्त माणसं दोन प्रकारची: एक झोपतात, दुसरी दुसऱ्यांना झोपू देत नाहीत. सर सकाळी साडेपाचला पुठ्ठे कापायला बसायचे. खरर्र, खरर्र. कशाचे डबे करायचे हे ठरलेलं नसायचं. झालेले डबे कुणाला द्यायचे हेही नसायचं.

काकूंचं वर्णन आवाजापासून सुरू करावं लागतं, कारण चेहऱ्याकडे आपलं लक्ष जायच्या आत तो येऊन पोहोचलेला असायचा. किंचित खालच्या पट्टीतला, स्वच्छ, घाई नसलेला आवाज. प्रत्येक शब्दाला बसायला वेगळी खुर्ची द्यावी तसं त्या बोलायच्या. "कचऱ्याची गाडी आलीय," एवढंच त्यांनी जिन्यातून म्हटलं तरी पुढे काय होणार असं वाटायचं. दृष्टी नसलेल्या वाचकांसाठी चालणाऱ्या एका ग्रंथालयात त्या आठवड्यातून दोनदा पुस्तकं वाचून द्यायच्या. कापसाच्या गाद्या लावलेली कोंदट खोली, समोर माईक, काचेपलीकडे आवाज टिपणारं यंत्र. तिथले ग्रंथपाल स्वतः अंध होते आणि प्रत्येक प्रकरण कानाखालून घातल्याशिवाय बाहेर सोडत नसत. ते काकूंना म्हणायचे, "बाई, तुम्ही वाचता तेव्हा माझ्या वाचकांना खोलीत उजेड आल्यासारखं वाटतं. उजेड म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही, तरी."

त्या सुमारास काकूंनी सत्तावीस प्रकरणांची एक जाडजूड कादंबरी हातात घेतली होती. आठवड्याला एक प्रकरण. आयुष्यात एवढं मोठं पुस्तक एकटीने पूर्ण करायचं, ही त्यांची एकुलती एक हाव.

आणि नेमका तेव्हा मागचा बाक आला.

चकचकीत बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात चामड्याची पेटी. शाळेत बदक काढणाऱ्याने आता लोकांच्या प्रकृतीचा ठेका घेतला होता. गोळ्या, कॅप्सूल, पावडरी आणि थेंब विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीत तो बराच वर पोहोचला होता.

"सर, मला विकायला माणसं पुष्कळ मिळतात," तो म्हणाला. मी नेमका तिथेच चहा पीत होतो. "मला शिस्त लावणारा माणूस हवाय. कोणी काय घ्यायचं, किती, कधी, हे सांगणारा. लोक तुमचं ऐकतील. आम्ही नाही का ऐकायचो!"

तो कधीच ऐकायचा नाही. पण सरांचे डोळे पाणावले.

"आणि आमच्या मालाला काय म्हणतात माहितीये? पूरक. पोषण-पूरक. म्हणजे तुमची पुरवणीच की, सर!"

झालं. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी काही विचारलं नव्हतं, त्याच्या खिशाला 'पोषण मार्गदर्शक' अशी पितळी पट्टी लागली. मोबदला काही नाही, नुसती पट्टी. सर ती फक्त आंघोळीला जाताना काढत, आणि तीही नीट टेबलावर ठेवत. पहाटेच्या पुठ्ठ्यांनाही आता अर्थ मिळाला. इमारतीतल्या प्रत्येकासाठी त्यांनी सात कप्प्यांचा डबा केला, प्रत्येक वाराच्या कप्प्याला वेगळा रंगीत कागद. खरं सांगतो, डबे सुरेख होते. मलाही एक मिळाला, सोबत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. मी त्या आठ दिवस घेतल्या. आठ दिवस मला येणारी प्रत्येक ढेकर बंदरावरून येत होती. कार्यालयात शेजारच्या टेबलवालीने जागा बदलून मागितली, तेव्हा मी थांबलो.

"अरे, तुला नको असेल तर कशाला घेतोस?" काकू हसून म्हणाल्या. "ताटात मासे नसतात का तुझ्या?"

"असतात की. आठवड्यातून दोनदा."

"मग झालं तर."

सरांना हे ऐकू आलं नाही. उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान अंगठ्याने उघडून बघणारा हा माणूस. त्याने या नव्या उद्योगात एकाही माणसाला विचारलं नाही की बाबा रे, तू जेवतोस काय? तुझ्या ताटात भाजी असते का, डाळ, दूध, अंडं, फळ? मूळ भरलंय का? सगळ्यांना सरसकट पुरवण्या.

यात वाईट असं, की एकदा त्यांचा अंदाज खरा निघाल्यासारखा झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीबुवांच्या पायांना मुंग्या यायच्या, मशीनचं पायडल मारताना पाय आहे की नाही ते कळायचं नाही. सरांनी त्यांना हिरवी पावडर दिली. मुंग्या तशाच राहिल्या. मग शिंपीबुवा मुकाट्याने दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी खाणंपिणं विचारलं, रक्त तपासलं, तर बी-बारा जवळजवळ तळाला गेलेलं. बुवा दूध-अंड्यालाही शिवत नसत. त्यांना खरोखरच गरज होती. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या, आणि दोन महिन्यांत पायडल पुन्हा खडखडायला लागलं. सर ही गोष्ट जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगायचे: "शिंप्याचे पाय पुरवणीने परत आणले." रक्त तपासलं, काय कमी आहे ते बघितलं, तेवढंच आणि लागेल तेवढंच दिलं, हा मधला सगळा भाग त्यांच्या सांगण्यातून गळून पडायचा. हिरवी पावडर मात्र राहायची.

याच दिवसांत काकूंचे केस गळायला लागले. साठी उलटलेल्या बाईचे केस थोडे गळणारच. काकूंनी कंगवा झटकला आणि विषय सोडून दिला. सरांनी धरला. त्यांनी केसांची आणि नखांची म्हणून एक गोळी आणली. तिच्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व होतं, आणि बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की एका गोळीत ते रोजच्या गरजेच्या पंचवीस हजार टक्के आहे. पंचवीस हजार! शंभरपैकी एकशेएक गुण मिळवणारा मुलगा दिसला असता तर याच सरांनी त्याचे खिसे तपासले असते. इथे त्यांनी टाळी वाजवली.

"भरपूर आहे बघ," ते काकूंना म्हणाले. "कंजूषपणा नाही."

महिन्याभरात केस गळायचे थांबले नाहीत, तेव्हा काकू डॉक्टरांकडे गेल्या. सर अर्थातच बरोबर. मी गाडी चालवायला होतो, म्हणून आत बाकावर बसून मी जे पाहिलं ते सांगतो. डॉक्टर भले गृहस्थ, पण बाहेर वीस माणसं खोळंबलेली. मान खाली घालूनच विचारत होते आणि लिहीत होते.

"दुसरी काही औषधं चालू?"

"औषधाचा एक कणही नाही," सर छाती काढून म्हणाले. "औषधाला आम्ही हात लावत नाही."

"अहो, त्या गोळ्या..." काकू म्हणाल्या.

"ती औषधं नव्हेत गं! पूरक. डॉक्टर औषधांचं विचारतायत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे पाहिलं. मीही काही बोललो नाही, हे लिहून ठेवलेलं बरं. डॉक्टरांनी 'औषधे' या शब्दापुढे 'नाही' असं लिहिलं आणि थायरॉइड तपासायला सांगितलं.

अहवाल आला: थायरॉइड भलताच जोरात धावतोय. त्याला लगाम घालायच्या गोळ्या सुरू झाल्या.

"मला तर काही होत नाही," काकू म्हणाल्या. "छातीत धडधड नाही, हात थरथरत नाहीत. केस तेवढे गळतात."

"यंत्र खोटं बोलतं का?" सर म्हणाले.

यंत्र खोटं बोलत होतं. पण खोटं त्याला पढवलं होतं त्या पंचवीस हजार टक्क्यांनी. ती केसांची गोळी एवढ्या मात्रेत पोटात असली की काही तपासण्यांची यंत्रं गोंधळतात आणि धडधाकट थायरॉइडलाही उधळलेला ठरवतात. आम्हाला कुणालाच हे तेव्हा ठाऊक नव्हतं. काकूंचा थायरॉइड बापडा आपल्या चालीने चालला होता. त्याला लगाम घातल्यावर तो थांबायला लागला.

दोन महिन्यांत काकू जिना चढताना मध्ये थांबू लागल्या. सगळे पंखे लावून बसायचे तेव्हा त्या शाल पांघरून बसायच्या. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. आणि तो आवाज, जो चेहऱ्याच्या आधी येऊन पोहोचायचा, तो आता मागून यायला लागला. जड, ओला, वाळूतून पाय ओढत आल्यासारखा.

थकवा दिसला की सर नवी बाटली आणायचे. आधी मल्टिव्हिटॅमिन, मग कॅल्शियम, मग आंबा कधी न पाहिलेली आंब्याच्या चवीची प्रोटीन पावडर, मग हिरवी, मग माशाचं तेल, शेवटी 'ऊर्जेचे थेंब'. केसांची गोळी तर पहिल्यापासून होतीच. पुन्हा रक्त तपासलं की यंत्र पुन्हा तेच सांगायचं, थायरॉइड जोरात. आणि डॉक्टर लगाम आणखी ओढायचे. डॉक्टर एका बाजूने, सर दुसऱ्या बाजूने, मध्ये काकू. दोघेही तळमळीने.

सगळ्यात आधी कळलं ते ज्यांना दिसत नव्हतं त्यांना. ग्रंथपालांचा फोन आला. काकूंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, मी वर्तमानपत्र परत करायला वर गेलो होतो.

"बाई, रागावू नका. बाराव्या प्रकरणापासून तुमचा आवाज उतरतोय. सर्दी नाहीये ही. सर्दी नाकात असते, हे आत कुठेतरी खोल आहे. डॉक्टरांना नीट विचारा."

"ऊर्जेचे थेंब सुरू केलेत आजपासून," सर मध्येच म्हणाले.

"काय थेंब?"

"पूरक आहेत."

ग्रंथपाल म्हणाले, "सर, मी माझ्या कानांवर पोट भरतो. सांगायचं ते सांगितलं."

एकोणिसाव्या प्रकरणात काकूंना तीन ओळींचं एक वाक्य एका दमात संपवता येईना. चार वेळा ते वाचायला घेऊन त्यांनी प्रकरण कसंबसं पुरं केलं. तेव्हा ग्रंथपालांनी त्यांना महिनाभर विश्रांती घ्यायला सांगितलं. माणूस सभ्य होता, 'विश्रांती' म्हणाला. काकू घरी आल्या, कादंबरीत खुणेचा कागद घातला आणि ती उशाशी ठेवली. "आठच प्रकरणं राहिली," त्या मला म्हणाल्या. "आठ तर आठ. परत जाऊन करीन."

त्यानंतरच्या रक्ततपासणीला प्रयोगशाळेत एक नवी बाई होती. चष्मा डोक्यावर, बोलणं तुटक. तिने काकूंचा हात हातात घेतला आणि सुई टोचायच्या ऐवजी तो तसाच धरून बसली.

"हात बर्फासारखे आहेत, आजी. नेहमी असेच?"

"हल्ली असेच."

तिने नाडीवर बोटं ठेवली, घड्याळाकडे पाहिलं. "कागद म्हणतो थायरॉइड उधळलाय. उधळलेल्या माणसाची नाडी अशी चालत नाही. काही घेता का तुम्ही? केसांसाठी वगैरे?"

काकूंनी सरांकडे पाहिलं. या वेळी त्यांनी उत्तर सरांवर सोडलं.

"औषध नाही," सर म्हणाले. आवाज पूर्वीचा नव्हता. "पूरकं घेते ती."

"किती?"

सर बोटांवर मोजायला लागले. एक हात संपला, तेव्हा तिने पुढचं न ऐकता कागद त्यांच्याकडे वळवला. खाली एक ओळ होती, बाटलीवरच्या अक्षरांसारखीच बारीक छापलेली: 'इतर गोळ्या, पावडरी, पूरके: संख्या व नावे'. आधीच्या प्रत्येक कागदावर ती रिकामी गेली होती.

"इथे लिहा," ती म्हणाली. "वर लिहिलं नाही तर आम्हाला कसं कळणार?"

पुरवणी सरांचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती दुसऱ्याच कुठल्या शाळेत शिकली असणार. सरांनी पेन घेतलं. ज्या हाताने मुलीच्या बोटांतून पेन काढून घेतलं होतं, त्याच हाताने त्यांनी लिहिलं: ७. थोडं थांबले. मग पुढे कंसात लिहिलं: सात.

केसांची गोळी आठवडाभर बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं. नवा अहवाल जुन्याच्या बरोबर उलटा होता. थायरॉइड जवळजवळ झोपला होता, आणि झोपवला होता आम्ही सगळ्यांनी मिळून.

डॉक्टर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. "मला सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"मी सांगत होते," काकू म्हणाल्या.

त्या घोगऱ्या, जड आवाजात ते तीनच शब्द त्यांना नीट म्हणता आले. डॉक्टरांनी मान वर केली नाही. सरांनीही नाही. लगामाच्या गोळ्या थांबल्या.

घरी आल्यावर काकूंनी सातही बाटल्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या, चष्मा लावला आणि सरांना समोर बसवलं. मी निघालो तर म्हणाल्या, "तू पण बस. तूही तिथे होतास." मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. प्रत्येक बाटली, पुढून मागून, एक अक्षर न गाळता, पुस्तक वाचायच्या त्याच पद्धतीने. प्रत्येक शब्दाला खुर्ची. आवाज फाटत होता, मध्येच खोकला यायचा, पाणी पिऊन त्या पुन्हा तिथूनच सुरू करायच्या. "'गरजेच्या पंचवीस हजार टक्के.' ऐकलंत? 'हे उत्पादन औषध नाही. समतोल आहाराला पर्याय नाही. तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावे.'" सातही बाटल्यांवर शेवटी तेच वाक्य होतं. सात वेळा त्यांनी ते वाचलं. सातव्या वेळी विचारलं, "तज्ज्ञ कोण?"

सरांनी खिशाची पितळी पट्टी काढली. पिन शर्टात अडकली होती, कापड टरकलं. पट्टी त्यांनी बाटल्यांच्या रांगेत आठवी म्हणून ठेवली.

मागच्या बाकाला फोन लावला तर तो म्हणाला, "सर, मात्रा बाटलीवर लिहिलेली असते. आणि कुणाला काय चालतं ते आपण कुठे बघणार? आपण काय डॉक्टर आहोत?" हे तो आधी बोलला असता तर बरं झालं असतं. पण बदक काढणाऱ्याला दोष देऊन किती देणार? त्याने शाळेतही रिकाम्या उत्तरपत्रिकेवरच पुरवणी मागितली होती. तेव्हा ती न देणारा कुणीतरी होता.

काकू बऱ्या झाल्या. म्हणजे, जिना एका दमात चढायला लागल्या, शाल कपाटात गेली. आवाजही परत आला, पण पूर्ण नाही. वरचं एक टोक झिजून गेलं ते गेलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित वयामुळे असेल. शक्य आहे. सर म्हणाले, वयामुळे नाही. मी सरांशी सहमत आहे.

चार महिन्यांनी सर एकटेच ग्रंथालयात जायला निघाले. मला म्हणाले, "चल रे, तू जरा बोलायला ये." बोलले ते स्वतःच. ग्रंथपाल यंत्राशी बसले होते. सरांनी विनवलं, आठ प्रकरणं तिला पूर्ण करू द्या, आता ती वाचू शकते, मी स्वतः तिला रोज आणून सोडीन.

"सर, कादंबरी पूर्ण झाली," ग्रंथपाल म्हणाले. "वाचक थांबले होते, किती दिवस थांबवणार? दुसऱ्या बाईंनी केली. मागच्या महिन्यात बाहेरही गेली."

"मग तिची आठ प्रकरणं मागाहून जोडता येतील का?" सरांनी विचारलं. "शेवटी. पुरवणी म्हणून."

हा शब्द सरांच्या तोंडून कसा निघाला ते त्यांनाही कळलं नसेल. ग्रंथपाल आवाजाच्या दिशेने वळले. चेहऱ्यावर दया नव्हती, रागही नव्हता.

"मूळ भरलंय, सर," ते म्हणाले. "आता पुरवणी कशाला?"

त्यांनी काकूंसाठी कादंबरीची एक ध्वनिमुद्रित प्रत दिली. काकूंनी ती ऐकली नाही. "मी वाचलेलं मला पाठ आहे," म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. ग्रंथपालांनी पातळसं दुसरं एक पुस्तक देऊ केलं होतं. त्यांनी 'बघते' म्हणून सांगितलं आणि आजवर बघितलेलं नाही.

ऐकतात ते सर. रोज दुपारी, खिडकीपाशी. पुठ्ठे कापणं बंद झालंय. वरून आता खरर्र येत नाही, काकूंचा वाचतानाचा आवाज येतो. मला खाली सगळं ऐकू येतं. मागच्या आठवड्यात मी वर गेलो तर सरांच्या मांडीवर जुनी वही होती. डाव्या बाजूला प्रकरणांचे आकडे, उजवीकडे त्यांच्या सुबक हस्तकलेच्या अक्षरात: तेराव्यापाशी कॅल्शियम, पंधराव्यापाशी प्रोटीन, सतराव्यापाशी हिरवी, अठराव्यापाशी थेंब. यंत्रातून काकू वाचत होत्या आणि प्रकरणागणिक कुणीतरी त्यांच्या आवाजावर माती लोटत होतं. सर त्यावर बोट ठेवून बसले होते. बाराव्यासमोरची जागा त्यांनी बराच काळ कोरी ठेवली असावी, कारण तिथली शाई वेगळी होती: 'केसांची. आधीपासून.'

एकोणिसावं आलं. ते तीन ओळींचं वाक्य आलं. काकूंचा आवाज मध्येच तुटला, खोकला, आणि यंत्रातूनच त्या म्हणाल्या, "थांबा हं, परत घेते." ते कापायचं कुणाच्या तरी लक्षात राहिलं नव्हतं. मग वाक्य कसंबसं संपलं, प्रकरणही, आणि विसाव्या प्रकरणाला दुसरा आवाज, तरुण, स्वच्छ.

सरांनी बटण दाबून ते मागे नेलं. थांबा हं, परत घेते. पुन्हा मागे नेलं.

"अहो," काकू आतून म्हणाल्या, "पुढे जाऊ द्या की. पुढे ती छान वाचते."

"मला पुढचं नको," सर म्हणाले.

"मला तरी तिच्या आवाजात कुठे हवं होतं?" काकू म्हणाल्या, आणि नळ सोडला.